दहा लाख डॉलरची हाक

मोशे होगेग या इस्रायली उद्योजकाला आपल्या सेक्रेटरीला हाक मारायची होती. तोंड होतं, फोन होता, एसएमएस होता. साहेबांना एक बटण हवं होतं. ऑर आर्बेल या प्रोग्रॅमरने आठ तासांत ते बनवून दिलं आणि १ एप्रिल २०१४ रोजी 'यो' नावाने अ‍ॅप बाजारात आलं. तारखेवरून तरी लोकांनी ओळखायला हवं होतं.

अ‍ॅप उघडलं की भडक रंगाच्या पट्ट्यांवर मित्रांची नावं. नावावर बोट टेकवलं की त्याच्या फोनमधून आवाज यायचा, 'यो'. संपलं. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. अ‍ॅपलने ते आधी परतच पाठवलं. अर्धवट काम पाठवलंय, असा त्यांचा समज झाला. जूनमध्ये 'यो'ला दहा लाख डॉलरची गुंतवणूक मिळाल्याची बातमी फुटली आणि जगाने हसण्यासाठी म्हणून ते उतरवून घेतलं. त्या हसण्यावरच ते अ‍ॅप स्टोअरच्या यादीत सरसर वर चढलं. लगोलग जॉर्जिया टेकच्या तीन विद्यार्थ्यांनी ते हॅक करून लोकांचे फोन नंबर काढून दाखवले. एका शब्दाच्या अ‍ॅपलाही कडी लावायची राहून गेली होती!

बडे गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन ट्विटरवर मदतीला धावले. हसू नका, ही एका बिटची भाषा आहे. कित्येक देशांत लोक मिस्ड कॉल देतातच की, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे आपलीच गोष्ट. 'स्टँडवर उतरलास की मिस्ड कॉल दे.' एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला ये. समोरच्याने चुकून उचललाच तर 'उचललास कशाला? गेले ना पैसे!' २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबाही असाच गोळा झाला, मिस्ड कॉलवर.

फरक एवढाच की मिस्ड कॉलचा अर्थ दोन्ही टोकांना आधीच ठरलेला असायचा. 'यो'त ठरलेलं काहीच नव्हतं. कुणाचा तरी 'यो' यायचा, आपण उलट 'यो' करायचा, मग दोघांनी काय करायचं?

जिथे अर्थ ठरला, तिथे मात्र ते चोख चाललं. त्याच उन्हाळ्यात फुटबॉलचा विश्वचषक होता. 'वर्ल्डकप' या खात्याला जोडून घेतलं की दर गोलला एक 'यो'. ब्राझील-जर्मनी उपांत्य सामन्यात २३व्या ते २९व्या मिनिटांत जर्मनीचे चार गोल झाले. गोल कुणी केला हे 'यो' सांगत नसे, त्यामुळे रिओत टीव्हीपासून लांब असलेल्या एखाद्या भाबड्याला चार वेळा आनंद झाला असणार. जुलैत इस्रायलमध्ये रॉकेटचा इशारा देणारं खातंही निघालं. तिथे 'यो' म्हणजे पळा, आडोसा गाठा. तेव्हा कुणी हसलं नाही.

शहाण्याने इथेच थांबावं. पण पैसे घेतले की वाढ दाखवावी लागते. मग दुवे आले, ठिकाण कळवणं आलं, फोटो आले. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर होतंच, आणि तिथे शब्दही लिहिता येत. 'यो'ची गंमत त्याच्या मुकेपणात होती. बोलायला लागल्यावर ते चारचौघांसारखं झालं आणि चारचौघांत हरवलं. २०१८ मध्ये आर्बेल यांनी पॅट्रिऑन या वर्गणीच्या संकेतस्थळावर झोळी पुढे केली: अ‍ॅप चालू ठेवायला हातभार लावा.

आणि मिस्ड कॉल? बंगळूरूच्या झिपडायल कंपनीने त्यावर धंदा उभारला होता. ग्राहकाने जाहिरातीतल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, पुढचा खर्च कंपनीचा. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती रीतसर विकत घेतली.