येताना बघू

कौटुंबिक मोटारप्रवासातले थांबे दोन प्रकारचे असतात : घेतलेले आणि राहिलेले. घेतलेल्यांत चहा, पेट्रोल, लघुशंका, उलटी आणि पंक्चर एवढेच येतात. राहिलेल्यांत उरलेला सगळा मुलूख येतो.

दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर पाहायचे तर पुणे-कोल्हापूर सोयीचा पडतो. अंतर सुमारे 230 किलोमीटर. वाटेत नीरा, कृष्णा, कोयना, वारणा आणि पंचगंगा ओलांडाव्या लागतात; खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे टोलनाकेही ओलांडावे लागतात. प्रवास संपल्यावर नद्यांची नावे कोणालाही धड सांगता येत नाहीत. नाक्यांची मात्र क्रमवार सांगता येतात, कारण प्रत्येक नाक्यानंतर पैसे कापल्याचा संदेश मोबाइलवर वाजतो आणि तो मोठ्याने वाचून दाखवला जातो.

थांब्यांची यादी निघण्याच्या आदल्या रात्री तयार होते. ती करणारी व्यक्ती बहुधा पुढच्या डाव्या सीटवर बसणारी असते आणि तिच्या यादीत वाई, मेणवली, बारा मोटेची विहीर, कऱ्हाडचा प्रीतिसंगम अशी भरभक्कम नावे असतात. आजीची यादी एका ओळीची असते : खंबाटकी घाटातली खामजाई. ती कुठे लिहिलेली नसते. तिच्या नावाचा एक नारळ तेवढा डिकीत आलेला असतो. मुलांना यादी नसते, प्रश्न असतो, आणि तो कात्रजचा बोगदा ओलांडायच्या आत पहिल्यांदा विचारला जातो. गाडी चालवणाऱ्याकडे यादी नसते आणि प्रश्नही नसतो. त्याच्याकडे वेळ असते. ‘सव्वासहाला घर सोडलं, साडेदहाला शिरोलीचा पूल’ हे वाक्य त्याने कोल्हापूरच्या साडूला ऐकवण्यासाठी मनाशी घोटून ठेवलेले असते. प्रत्येक थांबा त्या वाक्यातली पंधरा मिनिटे खातो.

या वाक्याच्या रक्षणासाठी योजलेले दुसरे वाक्य म्हणजे ‘येताना बघू’. मराठी व्याकरणातला हा एक चमत्कार मानावा लागेल. त्यात नकार नाही, होकारही नाही. कर्ता अध्याहृत आहे, आणि ‘बघू’ हे रूप जबाबदारी गाडीतल्या सर्वांना समान वाटून देते. त्यामुळे विहीर बघायची राहिली तर ती सर्वांनी मिळून राहू दिलेली असते. हे वाक्य ऐकून कोणी रागावत नाही. आजीसुद्धा ‘बरं’ म्हणते.

वेगाचाही यात हात असतो. ताशी 90 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 25 मीटर पुढे सरकते. डावीकडची पाटी दिसणे, ती वाचणे, ‘अहो, लिंब फाटा आला, ती विहीर इथेच ना?’ असे म्हणणे, त्यावर ‘काय?’ येणे आणि पहिले वाक्य पुन्हा म्हणणे, यात दहा सेकंद सहज जातात. तेवढ्यात फाटा पाव किलोमीटर मागे पडलेला असतो. यू टर्न पुढच्या पुलाखाली असतो, आणि तो घेतला तर साडूला सांगायचे वाक्य कायमचे बिघडते. म्हणून येताना.

दुभाजक हा दुसरा आरोपी. दुपदरी रस्त्याच्या काळात उजवीकडचे हॉटेलही आपलेच असे. रस्ता रुंद झाल्यापासून जगातली सगळी चांगली भजी पलीकडच्या बाजूला गेली आहेत. पलीकडे गर्दी दिसते, वाफ दिसते, गाड्यांची रांग दिसते; अलीकडे एक ओसाड ढाबा असतो आणि त्याच्या दारात एक कुत्रे झोपलेले असते. येताना बाजू बदलते, तेव्हा तेच कुत्रे पलीकडे दिसते आणि आता त्याच्याभोवती दहा गाड्या उभ्या असतात. याचे समाधानकारक स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही.

‘येताना बघू’ या तत्त्वाचा पूर्ण पराभव मात्र खंबाटकीत होतो. साताऱ्याकडे जाणारी वाहने तिथे घाट चढून जातात आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून येतात. खामजाईचे देऊळ घाटात आहे. म्हणजे जाताना न घेतलेला हा थांबा येताना जागेवरच नसतो. येणारी गाडी देवीला वळसा घालून डोंगराच्या पोटातून निघून जाते. ही भौगोलिक वस्तुस्थिती चालकाला ठाऊक असते, आजीला नसते. घाटात ट्रकमागे ट्रक लागलेले असतात, पुढे एक टँकर पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतो, आणि अशा वेळी मागच्या सीटवरून ‘थांबायचं का रे जरा?’ असे विचारले गेले तर उत्तर काय येते ते वर सांगितलेच आहे. नारळ डिकीत एकदा गडगडतो. घाटात जुळ्या बोगद्यांचे नवे काम हाती घेतलेले आहे; त्यानंतर जाणारेही डोंगराच्या पोटातूनच जातील आणि हा प्रश्न आपोआप मिटेल.

घाट उतरला की सुरूर फाटा. इथून डावीकडच्या पाट्या महाबळेश्वर दाखवू लागतात आणि गाडीत ‘आपण तिकडेच जायला हवं होतं’ असा एक सूर निघतो. याच रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर वाई. तिथल्या ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेचा पूर अंगावर आला तर पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावे म्हणून. पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे, आणि घाटावरच्या देवळात 1707 साल कोरलेली, मेरी आणि बाळ येशूची आकृती असलेली घंटा. चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 मध्ये वसई जिंकली, तिथून ती आली. चर्चची घंटा महादेवासमोर टांगलेली पाहायला मिळते, तीही फुकट, असा थांबा खरे तर चुकवू नये. पण चाळिशीच्या आसपासच्या आईवडिलांना तिथे ‘स्वदेस’मधला शाहरुख खान आठवतो, मुलांना तो सिनेमा माहीत नसतो, आणि हे कळल्यावर आईवडील जे गप्प होतात ते घाटाच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावातून चालत आले ते गावही हेच. अकारविल्हे ज्ञानाच्या या गावाला नव्वद टक्के गाड्या फाट्यावरूनच नमस्कार करतात.

बारा मोटेच्या विहिरीबाबत प्रकरण वेगळे असते, कारण ती यादीमुळे कधीच दिसत नाही; ती टायरमुळे दिसते. आनेवाडीच्या नाक्यानंतर मागचे चाक बसते. स्टेपनी लावली जाते आणि स्टेपनीतही हवा कमी निघते (ती तशी असतेच, स्टेपनी तपासणारे कुटुंब अद्याप नोंदले गेलेले नाही). पंक्चरवाला ‘अर्धा-पाऊण तास’ म्हणतो. पाऊण तास हे एकक चालकाच्या सत्तेबाहेरचे आहे. साडूला सांगायचे वाक्य आता मेलेलेच असते, आणि मेलेल्या वाक्याला कसला विलंब? मग कोणी तरी रिक्षा बघते, आणि लिंब गावाच्या शिवारात, उसाच्या आणि भाज्यांच्या वावरांमधून, सगळे त्या विहिरीच्या दारात उभे राहतात.

ही विहीर म्हणजे जमिनीखाली बांधलेला वाडाच आहे. सातारकर शाहूंच्या काळात वीरुबाई भोसले यांनी ती बांधवली. शिलालेखानुसार काम 1719 ते 1724 या काळातले. व्यास सुमारे 50 फूट, खोली सुमारे 110 फूट. वरून पाहिले तर आकार शिवलिंगासारखा : एक अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडलेली लांबट उपविहीर, आणि दोहोंच्या मधे चक्क एक दगडी महाल. रुंद पायऱ्यांनी खाली उतरले की उन्हाळ्यातही अंगावर गार हवा येते. महालाच्या खांबांवर कोरीव आकृत्या आहेत. वर काठावर मोटा लावायच्या दगडी जागा, ज्यांवरून एकाच वेळी बारा चामडी मोटा चालत आणि भोवतालचे मळे भिजत.

अशा ठिकाणी कुटुंबाचे वर्तन ठरलेले असते. वडील मोटांच्या जागा मोजतात आणि त्यांना बारा भरत नाहीत. मोठा मुलगा मोजतो, त्याच्या जास्त भरतात. आई फोटोसाठी सर्वांना पायऱ्यांवर बसवते. धाकटी खाली पाण्यात डोकावून ‘कासव!’ असे ओरडते, ते खोटे निघते, पण तेवढ्यात सगळे कठड्याला टेकलेले असतात आणि पुढची दहा मिनिटे कोणी हलत नाही. आजीने लहानपणी चालती मोट पाहिलेली असते. बैल उतारावर पुढे जाताना मोट वर येते आणि मागे मागे सरकताना खाली जाते, आणि सगळी कला त्या मागे सरकण्यात आहे, हे ती हातवारे करून सांगते. गाडीतल्या कोणालाही हे माहीत नसते, गाडी रिव्हर्स घेणाऱ्यालाही नाही. टायरवाल्याचा फोन येतो तेव्हा ‘झालं एवढ्यात?’ हा प्रश्न खुद्द चालकाच्या तोंडून निघतो.

साताऱ्याला वळसा पडतो. कंदी पेढे महामार्गावरच मिळतात, त्यामुळे अजिंक्यतारा उजवीकडे ठेवून पेढे डावीकडे घेतले जातात. पुढे अतीत नावाचे गाव लागते. ते कोणाच्या लक्षात येईपर्यंत नावाला जागलेले असते.

स्वच्छतागृह हा विषय प्रवासवर्णनांत कमी येतो, प्रवासात फार येतो. पुरुषांना अख्खा महामार्ग उपलब्ध असल्याने या विषयातले संशोधन पूर्णतः स्त्रियांनी केलेले आहे. कोणत्या पंपावर कडी लागते, कुठे पाणी असते, कुठे किल्ली मागावी लागते आणि कुठे ती मागितल्यावर माणूस ‘नाही’ म्हणतो, याचा नकाशा प्रत्येक घरातल्या बाईच्या डोक्यात असतो आणि तो गुगलपेक्षा ताजा असतो. कडी, पाणी, दिवा आणि आकडा या चारही गोष्टी असलेले ठिकाण सापडले की ते किल्ल्याइतक्याच आदराने इतर कुटुंबांना सांगितले जाते. दुपारचे जेवण कुठे घ्यायचे हे खरे तर इथेच ठरते; मिसळीची कीर्ती दुय्यम असते.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात पूर्वेला वळतात. नद्यांचे संगम पुष्कळ आहेत, पण अशी आमनेसामने गाठ विरळा. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि बाग आहे. डबा उघडायला ही जागा उत्तम : तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, लिंबाचे लोणचे. डबा घरून आणलेला असला तरी ‘थोडं काही तरी मागवू या का?’ असे एक जण म्हणतोच. थांबण्यावरून सकाळपासून चाललेला नवराबायकोचा वादही या काठावर कोणा एकाच्या बाजूने न सुटता तिसऱ्याच दिशेला वळतो : आता एक तरी गुऱ्हाळ बघायचेच.

गुऱ्हाळ हा या रस्त्यावरचा सर्वांत कसदार थांबा, कारण तो कोणासाठी मांडून ठेवलेला नसतो. दिवाळीनंतर कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंत उसाच्या फडांमधून धुराचे सरळ खांब दिसतात; त्यातला जवळचा धरून सर्व्हिस रोडवरून आत शिरायचे. पाटी नसते, वासावर जायचे. घाण्यातून निघालेला रस भल्या मोठ्या काहिलीत ओततात, खाली चुलवाणात वाळल्या चिपाडांचा जाळ घालतात. म्हणजे उसाच्याच सालपटांवर उसाचाच रस आटतो. इतका काटकसरी धंदा दुसरा नसेल. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस टाकतात, मळी तरंगून वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचे. पुढचा सगळा कारभार गुळव्याच्या नजरेवर. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी वळून पाहतो, आणि गोळी जमली की हाक देतो. मग काहील उचलून वाफ्यात रिकामी होते. दोन मिनिटे आधी कच्चा, दोन मिनिटे नंतर करपट. तापमापक विचारणाऱ्या इंजिनिअर काकांना गुळव्या आपले बोट दाखवतो.

‘यात साखर किती घालता?’ असा प्रश्न शहरातले मूल हमखास विचारते. प्रश्न निरागस असतो. काही गुऱ्हाळांत तो अडचणीचाही ठरतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण इथे त्याची आठवण कोणी काढत नाही. रस पाजतात, गरम गूळ उसाच्या तुकड्यावर घेऊन देतात, पैसे विचारले तर हसतात. मग संकोचापोटी पाच किलोची ढेप आणि दोन बाटल्या काकवी घेतली जाते. बाटल्या आधी कुठल्या तरी शीतपेयाच्या असतात, झाकणांचा भरवसा नसतो, आणि डिकीत त्या नारळाशेजारी आडव्या ठेवल्या जातात.

शिरोलीचा पूल दुपारी साडेतीनला लागतो. साडू विचारतो, ‘किती वेळ लागला?’ चालक म्हणतो, ‘विहीर बघितली.’

येतानाच्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. निघायला उशीर होतो, कारण तांबडा-पांढरा संपत नाही. अंधारात प्रीतिसंगम, लिंब, वाई या पाट्या दिव्याच्या झोतात एकेक उजळून विझतात. मागे सगळे माना टाकून झोपलेले असतात. कोणीही काहीही बघत नाही, आणि तसे वचन कोणी दिले होते याची आठवणही कोणी काढत नाही. फक्त बोगद्याचे पिवळे दिवे डोळ्यांवर आले की आजी जागी होते, इकडेतिकडे पाहते आणि विचारते, ‘घाट गेला का रे?’ चालक आरशात न पाहता म्हणतो, ‘हो, आत्ताच.’

दुसऱ्या दिवशी डिकी गरम पाण्याने धुतली जाते. एक बाटली गळलेली असते. काकवीने माखलेला नारळ नळाखाली धरून आजी तो स्वतः फोडते, अर्धा देवापुढे ठेवते, आणि उरलेल्या अर्ध्याची चटणी होते.