‘काहाले पायजे?’ विचारणारा माणूस

मोर्शीत हार्डवेअरचं सामान मिळत नाही, असं कोणी म्हणणार नाही. पाइप, नळ, रंग, खिळे, सगळ्यानं दुकानं भरलेली आहेत. दिसेनासा होत चाललाय तो काउंटरमागचा जाणता माणूस. माल काढायच्या आधी तो विचारायचा, “काहाले पायजे भाऊ? नमुना आनला का?” निम्मी दुरुस्ती तिथंच होऊन जायची.

साधा बोल्ट घ्या. एका इंचाचे आठ सूत. तीन सुती बोल्ट भरतो साडेनऊ मिलिमीटर, आणि त्याच्या शेजारच्या खोक्यात असतो दहा मिलिमीटरचा. १९५६च्या कायद्यानं देशाची मापं मेट्रिक झाली, पण शेतातली जुनी अवजारं इंचातच राहिली. दहाचा नट तीन सुती बोल्टवर चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि ओझं आलं की आटे सोडतो. जाणता दुकानदार नट बोटांनी फिरवूनच सांगतो, “हा चालनार नाही.” नवा पोरगा खोक्यावरचा आकडा वाचतो.

बोल्ट गेला तर दहा-वीस रुपये जातात. बोरची मोटर गेली तर हंगाम जातो. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झालाय की संत्र्याच्या बागेसाठी मोटर शेकडो फूट खाली सोडावी लागते. किती एचपीची पाहिजे, हे कोणीही विचारतो. किती फुटांवर सोडणार आणि स्टार्टरपासून बोर किती लांब, हे विचारणारा विरळा. केबल जितकी लांब, तितका वाटेत व्होल्टेज पडतो. लांबीच्या मानानं तार बारीक असली की मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. तेही भर उन्हाळ्यात, अंबिया बहाराची फळं झाडावर असताना. मग मोटर वर काढा, वाइंडिंगवाल्याकडं न्या, नंबर लागायची वाट पाहा. तोवर बागेखाली गळलेल्या फळांचा सडा. बारीक केबल घेताना वाचलेले पैसे शेतकऱ्यानं असे फेडायचे?

पाइपाचंही तेच. पाणी दहा मीटर चढवायचं तर साधारण एक किलोचा दाब येतो. चाळीस मीटर चढवायचं असेल तर अगदी काठावरचा, चार किलोचाच पाइप देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला बुडवतो, मग तो कितीही गोड बोलो.

हे ज्ञान आटलं कसं? सल्ल्याचा पैसा कधी कोणी दिलाच नाही; तो मालाच्या नफ्यातून निघायचा. आपण काय केलं? तासभर त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, वस्तूचा फोटो काढला आणि मोबाईलवर चाळीस रुपये स्वस्त पाहून तिथून मागवली. त्यानं मग सुटे वायसर, निपल, बुश ठेवणं सोडलं आणि सिमेंट-टाइल्सचा डेपो टाकला. त्यात डोकं कमी खपतं आणि पैसा एकदम येतो. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, यात त्या मुलाची काय चूक?

कंपन्यांचं मात्र मला पटत नाही. टार्गेट पुरं करणाऱ्या डीलरला त्या परदेशाची सहल देतात. काउंटरवरच्या पोराला पाइपावरचा दाबाचा आकडा कसा वाचायचा, हे शिकवायला दोन दिवस का देत नाहीत? आयटीआयमध्ये फिटर घडतो, इलेक्ट्रिशियन घडतो. ऐकून घेऊन, नमुना पाहून नेमकी वस्तू काढून देणं हीसुद्धा विद्याच आहे, आणि ती फक्त जुन्या काउंटरवर, बाजूला उभं राहून शिकता येते.

म्हणून जिथं असा माणूस अजून बसलाय, तिथं फक्त वायसर घ्यायला जाऊ नका. पाइपाचं मोठं बिलही त्याच्याकडंच करा, चार पैसे जास्त लागले तरी. आणि घरचं पोरगं आयटीआयला असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला त्या काउंटरवर उभं करा.