एकच भोवरा

क्रोशाची सुई हातात धरणाऱ्या बायकांची एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. तिने रेडिओ झाकला, मग टीव्ही झाकला, फ्रिज झाकला, टेलिफोनखाली झालर घातली, पाण्याच्या माठावर मणी लावलेली जाळी पसरली. येरवड्यातल्या आमच्या घरात या तडाख्यातून एकच वस्तू सुटली होती, माझे डोके. मी निवृत्त होऊन दिवसभर समोर बसायला लागलो आणि हिचे लक्ष तिकडे गेले.

टकलाच्याही इयत्ता असतात. हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५१ साली त्या लावल्या, नॉरवुडने १९७५ साली सुधारल्या. एकूण सात. मी गेली बरीच वर्षे पाचवीत आहे आणि वरच्या वर्गात जायची मला घाई नाही. पण ही म्हणाली, “अहो, उन्हात नुसते चकाकता. काहीतरी करायला हवं.”

बाजारात हेअर पॅच मिळतो. त्याचा प्रवास मोठा आहे. तिरुपतीला भाविकांनी वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते. त्यातले पुष्कळ केस चीनच्या शानतुंग प्रांतात जातात, तिथल्या बायका जाळीवर त्यांच्या गाठी मारतात, आणि तयार पॅच जगभर फिरता फिरता आपल्याकडेही येतो. हे ऐकून हिने निकाल दिला : देवाला वाहिलेले केस परदेशवारी करून यांच्या डोक्यावर येणार, त्यापेक्षा मीच घरी बांधते. क्रोशा येतो म्हटल्यावर उरले काय?

उरले होते ते बरेच होते. आधी माप. माझ्या डोक्यावर पोळ्या गुंडाळायची पातळ फिल्म ताणून बसवली, तिच्यावर सेलोटेपचे थर दिले, आणि मार्करने हद्द आखली. हद्दीवरून वाद झाला. कपाळावरची रेषा मला कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे तिथे हवी होती. हिचे म्हणणे, साठीच्या माणसाचे कपाळ मागे सरकलेलेच असते, आणि ती रेषा सरळही नसते. शेवटी मार्कर हिच्या हातात होता.

मग थर्माकोलचे डोके आले. त्याच्यावर तो साचा, साच्यावर बारीक षटकोनी भोकांची जाळी, सभोवती टाचण्या. सुई क्रोशाचीच धाकटी बहीण. टोकाला एवढासा आकडा, त्यात पॅचच्या पुढच्या कडेला एक केस अडकतो, मागे तीनचार. केसांची बट मधोमध दुमडून डाव्या चिमटीत धरायची, सुई जाळीच्या एकाच धाग्याखालून घालायची, केस ओढून आणायचा, मनगट वळवून तोच केस पुन्हा पकडायचा, फासातून काढायचा आणि आवळायचा. झाली एक गाठ. माणसाच्या डोक्यावर सरासरी एक लाख केस असतात. पाचवीतल्या विद्यार्थ्याला तेवढे लागत नाहीत, तरी गाठी हजारांनीच मोजायच्या. सुरी घासायला घेतलेल्या माणसासारखी ही खिडकीशी बसायची आणि मान वर करायची नाही.

गाठ ज्या दिशेने ओढावी त्या दिशेला केस पडतो. कपाळाकडे पुढे, कानाकडे खाली, आणि माथ्यावर गोल फिरत. तो भोवरा बांधताना हिचा हात थांबला. माझ्या जन्मजात भोवऱ्याचा पुरावा कधीच नष्ट झाला होता. एक होता की दोन, हे सांगू शकणारी आई आता नाही. “एकच बांधणार,” ही म्हणाली. “दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं.” या वयात मला दुसरी कोण देणार, असे विचारायचा मोह मी आवरला, समोरची सुई टोकदार होती.

काळे केस भाचीच्या कापलेल्या वेणीतून मिळाले. प्रश्न पांढऱ्यांचा. माझ्या कानांवरच्या केसांत निम्मे पांढरे, तेव्हा वर काळेभोर रान उगवले तर पोरेसुद्धा हसतील. माणसाचे चांगले पांढरे केस दुर्मीळ, म्हणून या धंद्यात याकचे केस किंवा कृत्रिम तंतू मिसळतात. आमच्याकडे सासूबाईंनी आपल्या अंबाड्यातली एक बट उदार मनाने कापून दिली. सासू डोक्यावर बसली, ही तक्रार पुष्कळ जावई करतात. कागदोपत्री खरी ठरेल अशी ती माझीच.

सगळ्यात नाजूक काम शेवटी. काळ्या केसाची गाठ जाळीवर ठिपक्यासारखी दिसते. म्हणून जाळी उलटी करून फक्त गाठींना ब्लीच लावायचे. जरा जास्त वेळ राहिले की गाठ जळते आणि केस गळायला लागतात. म्हणजे पुन्हा पाचवी.

या कौतुकात मी एकदा रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचा विषय काढला. त्यांच्या काळी प्रेक्षक लांब बसायचे, टोपाची कड कोणाला दिसत नव्हती, आणि त्यांची केशरचना पाहून घराघरांतल्या बायका तसे अंबाडे घालायच्या. पुढे त्यांच्यावरच ‘बालगंधर्व’ चित्रपट निघाला तेव्हा कॅमेरा सुबोध भावे यांच्या कपाळापर्यंत येणार होता. रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग मी जरा स्थानिक अभिमानाकडे वळलो. आपल्या येरवड्यात हातकामाची परंपराच आहे, म्हटले. गांधीजी इथल्या तुरुंगात होते म्हणून पेटीसारख्या मिटणाऱ्या चरख्याला आजही येरवडा चरखा म्हणतात. ही जाळीवरून नजर न काढता म्हणाली, “त्यांना वेळ होता, आणि टकलाची लाज नव्हती.”

पॅच दुतर्फी टेपने चिकटवतात. उन्हाळ्यात घामाने टेप सुटते, म्हणून पर्णकुटी चौकात सिग्नलला थांबलो की माझा हात आपोआप माथ्यावर जातो. हेल्मेटला पुणेकरांनी आजवर नाना कारणांनी विरोध केला. हेल्मेट काढताना आतून केस निघण्याची भीती हे कारण मात्र कोणत्याही मोर्च्याच्या फलकावर मी पाहिले नाही. आणि हे केस वाढत नाहीत. बाजूचे वाढतात. त्यामुळे न्हाव्याला वरचे सोडून फक्त कडा जुळवत बसावे लागते. पहिल्यांदा माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “काका, वरचे जरा कमी करू का?” ही त्या दिवशी शिरा करून मोकळी झाली.

पण हिची खरी अडचण मला तेव्हा कळली. टीव्हीवरच्या रुमालाला पाहुणे वा म्हणायचे, नमुना मागायचे. इथे वा म्हटले की काम फसले. इतक्या दिवसांच्या कारागिरीचे यश असे की ती कोणाला दिसता कामा नये. ज्या बाईने आयुष्यभर दारावरचे तोरण मुद्दाम उजेडात टांगले, तिला हे कसे सोसावे? तिने फार दिवस सोसले नाही. हळदीकुंकवाला भेद फुटला. आलेल्या सगळ्या जणी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून माझे डोके पाहून गेल्या, आणि एकीने कडेला बोटही लावून पाहिले.

तेव्हापासून सोसायटीतल्या बायका पिशव्यांतून केस आणून देतात. कोणाची मैत्रीण केमोथेरपी घेत असते, तिच्यासाठी टोप करून द्याल का, असे विचारतात. ही नाही म्हणत नाही. पण पिशवी उघडली की कपाळाला हात लावते, कारण आत कंगव्यातून निघालेले गुंते असतात. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, मुळाकडून टोकाकडे कललेले. उलटसुलट केस शेजारी आले की ते एकमेकांना अडकतात आणि टोपाचा काही धुण्यांतच नमदा होतो. एकेक केस चिमटीत चोळून, तो कुठल्या बाजूला सरकतो ते पाहून मूळ ओळखता येते. पण अशी अख्खी पिशवी कोण चोळणार?

म्हणून हिचा निरोप इथे लिहितो. वेणी कापून कोणाला द्यायची असेल तर आधी केस धुऊन पूर्ण वाळवा. मुळाकडच्या बाजूला घट्ट रबर लावा आणि रबराच्या वर, डोक्याच्या बाजूने कापा. ते रबर सोडू नका, आणि कंगव्यातले केस पिशवीत घालू नका. पांढरे असतील तर ते आवर्जून द्या. आमच्याकडे सासूबाईंचे आता संपत आले आहेत.