मनाचं नवं औषध : होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शन

सायकेडेलिक द्रव्यातून नैराश्यावरचं औषध काढायचं तुमच्या मनात आलंय, हे फार चांगलं झालं. भांडवल असेल तर पुढे वाचा. नसेल तर जरूर वाचा, वाचतील तेवढे पैसे वाचतील.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्ही आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात बसतात. एलएसडी ०.१ ग्रॅमच्या वर सापडलं की ती ‘व्यापारी मात्रा’ होते आणि तिला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. तेव्हा हणजुण्याच्या किनाऱ्यावर किंवा कोडाईकनालच्या रानात जाऊन जे करतात, त्याला संशोधन म्हणायची सवय सोडा. इथून पुढचं सगळं बाझल, बाल्टिमोर, लंडन असल्या ठिकाणी, परवाने घेऊन घडतं.

रेणू

रेणू शोधत बसू नका, ते कधीचेच सापडलेत. एमडीएमए जर्मनीतल्या मर्क कंपनीच्या हाती १९१२ सालीच लागलं होतं. रक्तस्राव थांबवणारं औषध शोधताना वाटेत भेटलेला पदार्थ, म्हणून कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. एलएसडी बाझलच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८मध्ये बनवलं. त्याचं मूळ राईच्या कणसावरच्या बुरशीत आहे. आपल्या बाजरीला जो अरगट लागतो, त्याच कुळातली ही बुरशी. प्राण्यांवर विशेष काही दिसेना, तेव्हा विषय फाइलबंद झाला. पाच वर्षांनी हॉफमन यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते पुन्हा करायला घेतलं.

१९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं. मिलिग्रॅमचा पाव हिस्सा! फार जपून घेतोय अशी त्यांची समजूत होती. युद्धामुळे गाड्यांवर बंधनं होती, म्हणून सहायकाला बरोबर घेऊन सायकलवरून घर गाठलं. शेजारीण दूध घेऊन आली, ती त्यांना मुखवटा चढवलेली चेटकीण दिसली. दूध मात्र ते प्यायले, संध्याकाळभरात दोन लिटरच्या वर. डॉक्टरांना बोलावलं, तर विस्फारलेल्या बाहुल्यांपलीकडे त्यांना काही सापडेना. आज चिंताविकारावरच्या चाचण्यांत जो डोस चाललाय तो १०० मायक्रोग्रॅमचा आहे, यावरून हॉफमन यांच्या सावधगिरीचा अंदाज घ्यावा.

सँडोझने १९४७पासून हे औषध ‘डेलिसिड’ नावाने डॉक्टरांना पुरवलं. सोबतच्या पत्रकात मनोविकारतज्ज्ञांनी ते स्वतः घेऊन पाहावं, म्हणजे रुग्णाचं जग आतून कळेल, असंही सुचवलेलं होतं. औषध कंपनीच्या पत्रकात एवढा मोकळेपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मग साठचं दशक आलं, माल दवाखान्याबाहेर गेला, १९६५मध्ये सँडोझने हात झटकले, १९७०मध्ये अमेरिकेने आणि १९७१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कराराने दार लावून घेतलं. ते पुन्हा किलकिलं व्हायला तीसेक वर्षं लागली.

पेटंट

जुन्या रेणूवर पेटंट मिळत नाही. घाबरू नका. लंडनच्या कंपास पाथवेज कंपनीने सायलोसायबिनच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाचं पेटंट मिळवलं. रेणू तोच, रचून ठेवण्याची तऱ्हा वेगळी. तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या एका अर्जात उपचाराच्या खोलीवरही हक्क सांगून झाला : मऊ आसनं, भिंतींना सौम्य रंग, उत्तम ध्वनियंत्रणा, शिवाय थेरपिस्टने धीर देण्यासाठी केलेला स्पर्श. त्यावरून बरीच ओरड झाली. पण होतकरूने यातून कल्पकता शिकावी. रुग्णाचा हात हातात घेणं ही कुणाची तरी मालमत्ता असू शकते, हे सुचायला वेगळी बुद्धी लागते.

अर्ज भरताना मारिया साबिना यांची आठवण येईल. मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात, वाउत्ला गावी, या मासातेक बाई आजाऱ्यांसाठी रात्रभर जागून अळंब्यांचा विधी करत. १९५५मध्ये गॉर्डन वॅसन नावाचे अमेरिकन बँकर त्या विधीला बसले. १९५७मध्ये त्यांनी ‘लाइफ’ मासिकात लिहिलं आणि पाठोपाठ परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. त्याच अळंब्यांतून हॉफमन यांनी १९५८मध्ये सायलोसायबिन वेगळं काढलं. बाईंचं घर गावकऱ्यांनी जाळलं. १९८५मध्ये त्या गरिबीतच गेल्या. त्यांचा फोटो तुमच्या सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर घाला, गुंतवणूकदारांना आवडतो. भागधारकांच्या यादीचा विषय वेगळा.

उंदीर

उंदराला ‘काही दिसतंय का’ असं विचारता येत नाही. पण ही द्रव्यं दिली की तो डोकं झटकतो, ओलं कुत्रं झटकतं तसं, क्षणार्धात. संशोधक त्याच्या डोक्याला चिमुकलं चुंबक लावतात आणि भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात किती झटके नोंदले गेले ते मोजतात. उंदराचे झटके ज्या द्रव्याने कमी मात्रेत सुरू होतात, ते माणसालाही साधारण कमी मात्रेत पुरतं, असं आढळलंय. मेंदूतला सेरोटोनिनचा एक ग्राहक आधीच अडवून ठेवला, तर झटकेही थांबतात आणि माणसाची दृश्यंही. एवढं पक्कं विज्ञान या धंद्यात पुन्हा हाती लागणार नाही, तेव्हा इथे जरा रेंगाळून घ्या.

खोली

सायलोसायबिनचा असर पाच-सहा तास टिकतो. तेवढा वेळ रुग्ण कोचावर, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची गाण्यांची यादी प्रसिद्ध आहे. ब्राम्स, बाख वगैरे चढून झाल्यावर शेवटी लुई आर्मस्ट्राँग माणसाला जमिनीवर आणून सोडतो. शेजारी दोन थेरपिस्ट. त्यांनी बोलायचं जवळजवळ नाहीच. पाणी द्यायचं, रक्तदाब बघायचा, बाथरूमपर्यंत सोबत करायची, रडू आलं तर रडू द्यायचं. त्याआधी तयारीच्या बैठका आणि नंतर जे दिसलं ते आयुष्यात कुठे ठेवायचं याच्या बैठका, त्या निराळ्या. हिशोबाला बसलात की लक्षात येईल : गोळी अगदी किरकोळ खर्चाची, महाग आहेत ती दोन माणसं.

एक माणूस कमी करू असं मनात येईल. करू नका. आणि दोघं आहेत म्हणजे रुग्ण सुरक्षित आहे, असंही समजू नका. कॅनडातल्या एका एमडीएमए चाचणीत ते दोघं नवरा-बायको होते, आणि औषधाच्या अंमलाखालच्या रुग्णेला त्यांनी जखडून धरलेलं, तिच्याशी अंगलट केलेली चित्रफितीत नोंदली गेली. ज्याचं मन औषधाने सताड उघडलंय, त्याला ‘नको’ म्हणणं जमेलच असं नाही. या परिच्छेदात विनोद शोधू नये.

बनावट गोळी

औषध खरं की मनाचे खेळ, हे ठरवायला अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना बनावट. कुणाला काय मिळालं ते ना रुग्णाला कळावं ना डॉक्टरला. इतर औषधांत हे जमतं. इथे अर्ध्या तासात एकाला छत श्वास घेताना दिसतं आणि दुसरा छताकडे बघत पडलेला असतो.

उपाय आजवर पुष्कळ झाले. १९६२च्या गुड फ्रायडेला बॉस्टनच्या मार्श चॅपलमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, तेव्हा अर्ध्यांना निकोटिनिक अ‍ॅसिड दिलं. त्याने अंग तापतं, चेहरा लाल होतो, म्हणजे पोरं फसतील. थोडा वेळ फसलीही. मग शेजारचे साक्षात्काराला लागले आणि यांचं अंग गार पडलं. कंपासने अलीकडे २५ मिलिग्रॅमच्या समोर १ मिलिग्रॅम ठेवून पाहिलं. प्रश्न तोच राहतो. बनावट गोळीवाल्याला कळतं की आपला नंबर लागला नाही. वर्षानुवर्षांच्या आजारावर ही शेवटची आशा धरून आलेला माणूस हिरमुसतो, त्याची तब्येत घसरते, आणि तुमचं औषध कागदावर आणखी चांगलं दिसतं.

एमडीएमएसाठी परवानगी मागणाऱ्या लायकोस कंपनीचं काय झालं ते यासाठी लक्षात ठेवा. २०२१मध्ये छापून आलेल्या चाचणीत आघातोत्तर तणावाचे ९० रुग्ण होते. एमडीएमए आणि थेरपी मिळालेल्यांपैकी ६७ टक्के त्या निदानातून बाहेर पडले, नुसती थेरपी आणि बनावट गोळी मिळालेल्यांपैकी ३२ टक्के. आकडे असे की हार घालून मिरवावेत. जून २०२४मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ‘परिणामकारक ठरलं का’ यावर ९ विरुद्ध २ आणि ‘धोक्यापेक्षा फायदा जास्त का’ यावर १० विरुद्ध १ अशी नकारार्थी मतं दिली. ऑगस्टमध्ये प्रशासनाने परवानगी नाकारून आणखी एक मोठी चाचणी मागितली. आपल्याला काय मिळालं ते रुग्णांनी ओळखलं होतं, हा आक्षेप समितीच्या चर्चेत ठळक होता.

कंपासच्या बाबतीत आकडे नम्र होत गेले. नैराश्याच्या ६० गुणांच्या मापावर २०२२च्या चाचणीत दोन गटांत तिसऱ्या आठवड्याला ६.६ गुणांचा फरक होता. २०२५मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत सहाव्या आठवड्याला ३.६. गुंतवणूकदारांना पहिला आकडा तोंडपाठ असतो.

पुढची पिढी

इथवर आलेल्या हुशार माणसाला सुचतं की मूळ अडचण तो अनुभवच आहे. तो काढून टाकला तर खोली नको, गाणी नकोत, ती दोन महाग माणसंही नकोत. अशी भ्रम न दाखवणारी भावंडं प्रयोगशाळांत बनलीही आहेत. उंदीर डोकं झटकत नाही आणि उदासी मात्र हटल्यासारखा वागतो. दरम्यान नैराश्यासाठी २०१९मध्ये मान्य झालेला एस्कीटामाइनचा, म्हणजे कीटामाइनच्याच एका रूपाचा, नाकातला फवारा दोन तास बसवून माणसाला घरी पाठवतो, म्हणजे एका खुर्चीवर दिवसात तीन-चार रुग्ण सहज.

अनुभव वगळून बघायचाच असेल, तर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते करून ठेवलंय. नैराश्य असलेल्या ४० जणांना शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असताना काहींना कीटामाइन दिलं, काहींना सलाइन. कुणी काही पाहिलं नाही, कुणी काही ओळखलं नाही. या क्षेत्रात क्वचितच घडतं अशी निर्दोष चाचणी. २०२३मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गट झपाट्याने सुधारले, आणि जवळजवळ सारखेच. आपल्याला कीटामाइन मिळालं असणार, असा बरं वाटलेल्यांपैकी बहुतेकांचा अंदाज होता.

सलाइनवर पेटंट मिळत नाही. तरी वकिलाला एकदा विचारून घ्या.