फाटे फुटलेले नवरे

‘डार्क मॅटर’ उघडली की मराठी वाचकाला आधी वाटतं, छापखान्यात काहीतरी घोळ झालाय. एका वाक्याचा परिच्छेद. मग तीन शब्दांचा. मग नुसता एक शब्द, आणि त्याच्या आजूबाजूला मोकळं रान. कागदाचे भाव ठाऊक असलेल्या माणसाचा जीव कळवळतो. पण ब्लेक क्राउच या अमेरिकन लेखकाची ही २०१६ सालची कादंबरी काटकसरीसाठी नाही, झोप उडवण्यासाठी लिहिलेली आहे. डोंबिवलीतले एक गृहस्थ रात्री साडेदहाला ‘दोन पानं वाचतो आणि पडतो’ असं घरात जाहीर करून तिला हात लावतात आणि पहाटे मोरीतल्या नळाला पाणी आल्याच्या आवाजाने भानावर येतात.

पुस्तक येऊन इतकी वर्षं झाली, २०२४ साली जोएल एजर्टनला दुहेरी भूमिकेत घेऊन मालिकाही निघाली, तेव्हा गोष्ट फोडल्याचा गुन्हा माफ असावा. जेसन डेसन हा शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागात राहणारा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. तरुणपणी मोठी झेप घेणार अशी सगळ्यांची खात्री होती; मग लग्न, मुलगा आणि एका लहानशा कॉलेजातले तास. बायको डॅनिएलाची चित्रकलाही संसारात मागे पडलेली. मित्राला मोठा पुरस्कार मिळाला म्हणून जेसन त्याचं अभिनंदन करायला जातो आणि परतताना आइस्क्रीम घेतो. वाटेत गेइशाचा मुखवटा घातलेला माणूस पिस्तूल रोखून त्याला पळवतो. पळवणारा भलताच आपुलकीचा. आयुष्यात समाधानी आहेस का, अशी चौकशीसुद्धा करतो. जेसन शुद्धीवर येतो तो दुसऱ्याच जगात. तिथे त्याचं लग्नच झालेलं नाही, पुरस्कार मात्र त्याच्या खिशात आहे, आणि जगाजगांतून हिंडवणारी एक पेटी त्याने म्हणे स्वतःच बांधली आहे.

मुखवट्यामागे कोण, हे ‘राम और श्याम’ आणि ‘सीता और गीता’ पाहून वाढलेल्या पिढीला सांगावं लागत नाही. फक्त इथे जुळा भाऊ नाही, तोच तो आहे. गृहस्थांना तर पळवणाऱ्याचीच दया आली. एवढा पुरस्कार मिळवला, आणि ‘उशीर का झाला’ म्हणून डाफरायला घरात कोणी नाही!

या सगळ्या भानगडीचा मूळपुरुष ह्यू एव्हरेट. १९५४ साली प्रिन्स्टनमध्ये मित्रांबरोबर शेरी पिताना त्याच्या डोक्यात कल्पना आली: क्वांटम मापनात अनेक निकाल शक्य असतात, तर त्यातला एकच खरा आणि बाकीचे गेले कुठे? त्याचं उत्तर असं, की कुठेच गेले नाहीत. प्रत्येक निकाल आपापल्या फांदीवर घडतोच. जॉन व्हीलर यांच्या हाताखाली त्याने १९५७ साली हा प्रबंध पुरा केला. १९५९ साली कोपनहेगनला जाऊन नील्स बोर यांनाही भेटला, पण बोरनी काही दाद दिली नाही. तोवर तो पेंटागॉनच्या कामाला लागला होताच. १९८२ साली, ५१व्या वर्षी तो गेला. राख कचऱ्यात टाकावी अशी त्याची इच्छा होती. बायकोने काही वर्षं ती फायलींच्या कपाटात ठेवली आणि मग खरोखरच कचऱ्यात टाकली. अगणित जगांचा हिशेब मांडणाऱ्याच्या वाट्याला या जगात हे आलं.

एव्हरेट ही कादंबरी वाचता तर हसला असता. त्याच्या गणितात मोठ्या वस्तूंच्या फांद्या एकदा वेगळ्या झाल्या की एकीकडून दुसरीकडे साधा निरोपही धाडता येत नाही. मग कादंबरीत पेटीतून जगाजगांत नेणारा तो बोळ आणि त्यातली दारं कुठली? क्राउचचे प्रवासी औषध टोचून मेंदूतला ‘निरीक्षक’ झोपवतात. प्रत्यक्षात निरीक्षणाला मेंदू लागतच नाही. हवेतला एखादा रेणू येऊन आपटला तरी पुरतो. आणि ‘तेव्हा पुण्याची नोकरी धरली असती तर’ असं आपण कुढत बसलो म्हणून जगाला फाटा फुटत नाही. पण या शंका विचारायला उसंत कुठे मिळते? जलद लोकल मधल्या स्टेशनांना जुमानत नाही, तसा क्राउच शंकांना. प्रश्न ओठावर येईतो दार उघडतं: एका जगात हिमवादळ, दुसऱ्यात साथीने ओस पडलेलं शहर.

आपल्याकडचा प्रवासी असा धावत नाही. जयंत नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धक्क्याने मराठे पानिपत जिंकलेल्या जगात पोचतात. मुंबईत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात. असा कोणी इथे नाही म्हटल्यावर ऊर न बडवता टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं काढून बसतात! विश्वासरावांना गोळी नुसती चाटून गेली, हे तिथे त्यांना बखरीत सापडतं. नंतर आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची बघून त्यांना राहवत नाही. ९९९ सभा पाठीशी असलेला माणूस! पण त्या जगाने अध्यक्षीय भाषणं केव्हाच मोडीत काढलेली असतात, आणि पंतांवर टोमॅटो, अंडी बरसतात. एनसीईआरटीने ही कथा अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात घेतली. क्राउचचं पिस्तूल एकीकडे आणि ही खुर्ची एकीकडे. प्रस्तुत लेखकाचं मत खुर्चीला.

क्राउचची खरी करामत मात्र शेवटाकडे आहे. जेसन घर शोधत परततो, पण पेटीतल्या प्रवासात त्याचेही फाटे फुटत गेलेले. परिणामी एकाच डॅनिएलासाठी एकाच शहरात डझनावारी जेसन उतरतात. सगळे तेवढेच खरे, तेवढेच प्रेमळ, आणि डोकं एकच असल्यामुळे एकाने आखलेला डाव बाकीच्यांना आधीच ठाऊक. मग आपला जेसन स्वतःलाही सुचणार नाही असं काहीतरी करायला निघतो. एका खानावळीत बसून सिगार पेटवतो, विझवायला साफ नकार देतो आणि पोलिसांकरवी स्वतःला पकडवतो, म्हणजे सोडवायला बायकोने यावं.

गृहस्थांनी हा प्रसंग रंगवून रंगवून सांगितला. बाई मेथी निवडत होत्या.

“अहो, पण ते सगळेच तिचे नवरे ना?”

“सगळेच. म्हणून तर ही युक्ती! समज, मी असतो, आणि हॉटेलात सिगार ओढली म्हणून चौकीवरून तुला फोन आला असता—”

“तर मी सांगितलं असतं, हा माणूस आमचा नव्हे. आमचे घरीच आहेत, वाचत बसलेत.”