उडी मारा, पण हातातल्याच क्यूने

नाइन बॉलचा रॅक अर्धा झालेला. पॉट अवघड दिसतो म्हणून एक खेळाडू सेफ्टी खेळतो. तीन नंबरचा बॉल हलक्या हाताने लांबच्या कुशनकडे पाठवतो आणि पांढरा नेमका सात नंबरच्या आड, चार बोटं अंतरावर नेऊन थांबवतो. वेग जरा चुकला असता तर तीन नंबर उघडा पडला असता. चुकला नाही. हॉलमधल्या जाणकारांच्या माना डोलतात.

समोरचा खुर्चीतून उठतो. टेबलाकडे धड बघतही नाही. बॅगेची चेन उघडतो आणि आखूड क्यू बाहेर काढतो. कोपर खांद्याच्या वर, क्यूचं मागचं टोक बोटांच्या चिमटीत, टिप खाली रोखलेली. टक्! पांढरा सातच्या डोक्यावरून थेट तीनवर.

टाळ्या कुणाला? दुसऱ्याला.

पहिल्याने जे केलं ते हाताने आणि डोक्याने केलं. दुसऱ्याने जे केलं त्यातलं निम्मं कारखान्यातच झालं होतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जंप शॉट हवा. जंप क्यू नको.

उडी हा पूलमधला देखणा शॉट आहे, त्याबद्दल वाद नाही. पांढऱ्यावर वरून तिरका प्रहार करायचा, बॉल कापडावर दाबला जातो, खालची स्लेट त्याला वर फेकते. बॉलच्या खाली टिप खुपसून तो उचलायचा नाही. तसं केलं की फाउल. नवशिके हेच करतात, आणि मग कापडाला चीर पडते.

म्हणजे उडी खालून नव्हे, वरून. इथवर सगळे सहमत.

आता आकडे बघा. पूलचा बॉल सव्वादोन इंच व्यासाचा, वजन जेमतेम 170 ग्रॅम. नेहमीचा क्यू 58 इंच लांब, 19 औंसांच्या आसपास, म्हणजे साधारण 540 ग्रॅम. बॉलच्या तिप्पट. जंप क्यू 40 ते 42 इंचांचा आणि वजनाने नेहमीच्या क्यूच्या निम्म्यालाच टेकणारा.

वजनाने काय होतं? सगळं होतं.

बॉल स्लेटवरून वर उसळतो तेव्हा क्यू वाटेतून बाजूला झालेला असावा लागतो. जड क्यू आपल्या भाराने पुढेच रेटत राहतो, बॉल टिप आणि स्लेट यांच्यामध्ये अडकतो आणि उडी मरते. हलका क्यू बॉलवर आपटून आपोआप मागे फेकला जातो. वाट मोकळी. नेहमीच्या क्यूने उडवणाऱ्याला ही वाट मनगटाने मोकळी करावी लागते. पकड ऐन क्षणी सैल ठेवायची, प्रहार झटक्याचा द्यायचा आणि क्यूला उलटा येऊ द्यायचा. महिनोन् महिने घासल्याशिवाय ते जमत नाही.

जंप क्यू हे मनगटाचं काम वजनावर सोपवतो.

भरीला टिप. नेहमीच्या क्यूला कातड्याची टिप असते. ती दबते, बॉलला क्षणभर धरते, म्हणून तर फिरकी देता येते. जंप क्यूला बहुधा फिनॉलिकची. कागदाचे किंवा कापडाचे थर राळेत भिजवून, तापवून, दाबून केलेला टणक पदार्थ. ती दबत नाही, धरत नाही, बॉलला नुसती हाकलते. आवाजच ऐका. कातड्याचा ‘ठप’, फिनॉलिकचा ‘टक्’. हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलात तरी कुणी कुठला क्यू काढला ते कळतं.

फिरकी देता येत नाही त्या टिपेला बिलियर्ड्सच्या घराण्यात जागा कशाला?

नियम काय म्हणतो? जागतिक पूल संघटनेच्या उपकरणांच्या नियमांत क्यूची लांबी किमान 40 इंच आहे. वजन जास्तीत जास्त 25 औंस. टिप जास्तीत जास्त 14 मिलिमीटर. आणि कमीत कमी वजन?

नाही. तशी अटच नाही.

दार इथेच उघडं राहिलं. लांबी 40 इंच आहे म्हणून नुसता शाफ्ट काढून उडवता येत नाही, तो 29 इंचांच्या आसपास भरतो. तेवढी एक पळवाट बंद. पण 40 इंच भरले की वजन हवं तितकं उतरवा. मग कंपन्यांनी उतरवलं. प्रेडेटरचा ‘एअर’, क्यूटेकचा ‘प्रोपेल’. नावंच सांगतात की माल कशासाठी आहे. किंमत डॉलरमध्ये तीन आकडी. म्हणजे आड गेलेला बॉल सोडवायचा तर आधी खिसा सोडवा.

आता इतिहास. हा प्रश्न मुळात खेळाच्या नियमांनीच ओढवून घेतला.

जुन्या अमेरिकन नाइन बॉलमध्ये आड सापडलेल्या खेळाडूला ‘पुश’ खेळता यायचा. पांढरा हवा तिथे ढकलायचा आणि समोरच्याला विचारायचं, घेतोस की मीच खेळू? 1980च्या दशकात ‘टेक्सस एक्सप्रेस’ नावाने ओळखले जाणारे नियम रुजले. पुश फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला. बाकी कुठलाही फाउल झाला की समोरच्याला बॉल इन हॅन्ड, टेबलावर कुठेही. एका फाउलमध्ये रॅक गेला समजा. खेळ वेगवान झाला, टीव्हीला मानवला. पण आड सापडणं एकदम जीवघेणं झालं. जंप क्यूला बरकत आली ती याच काळात.

रोग नियमाने दिला, औषध दुकानदाराने विकलं.

त्याच दशकातली एक गोष्ट. 1986 साली ‘द कलर ऑफ मनी’ आला. त्यात टॉम क्रूझने जवळजवळ सगळे शॉट स्वतः मारले. दोन बॉलवरून पांढरा उडवायचा शॉट मात्र त्याच्या हातून नाही, तो माईक सिगलने मारला. सिगल म्हणजे त्या काळातला अव्वल खेळाडू. एका उडीसाठी विश्वविजेत्या दर्जाचा माणूस आणावा लागायचा. आज तीच उडी शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर खेळणारा मुलगा पंधरा-वीस मिनिटांत शिकतो.

मुलाची चूक नाही. पण त्याला वाटतं आपण जंप शॉट शिकलो. तो शिकला जंप क्यू वापरायला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे त्याला कुणीच सांगत नाही.

मग आड सापडलेल्याने करायचं काय? किक.

कॅरमच्या पाटावर मधे सोंगटी आली की आपण काय करतो? रिबाऊंड शोधतो. तेच इथे. कुशनवरून पांढरा फिरवायचा. टेबलाच्या काठावर ज्या खुणा असतात, ज्यांना डायमंड म्हणतात, त्या शोभेसाठी नाहीत. कुठून मारलं, कुठे लावलं तर कुठे जाईल, याचं अख्खं गणित त्या खुणांवर बसवलेलं आहे. विली हॉपने 1941 सालच्या आपल्या पुस्तकात ते मांडलं, त्यालाही आता ऐंशीहून अधिक वर्षं झाली. ज्याला डायमंड वाचता येतात त्याच्यासाठी आड सापडणं म्हणजे शेवट नसतो, सवाल असतो.

आणि या सवालाला मिळालेलं सर्वात सुंदर उत्तर कुणाचं? एफ्रेन रेयेसचं. 1995, रीनो, सॅन्ड्स रिजन्सीची स्पर्धा, समोर अर्ल स्ट्रिकलंड. पाच नंबर आड. रेयेसने पांढरा एका कुशनवरून दुसऱ्यावर, इंग्रजी झेडच्या वळणाने फिरवला आणि पाच नुसता लागला नाही, पॉकेटमध्ये गेला. ती चित्रफीत आजही लोक एकमेकांना दाखवतात. पूलमध्ये कुणाला मूठभर रस असला तरी त्याने हा शॉट पाहिलेला असतो.

आता डोळ्यांपुढे आणा. त्याच जागी रेयेस उठला असता, चेन उघडून आखूड क्यू काढला असता, टक् केलं असतं. आज तो शॉट कुणाच्या लक्षात असता?

फिलिपिन्समधल्या एका मुलाने काकांच्या पूल हॉलमध्ये झोपून-उठून कमावलेली नजर त्या दोन कुशनांत होती. नजर बॅगेत मिळत नाही.

आपल्याकडे तर हे सांगावंही लागू नये. आपली घडण स्नूकरच्या टेबलावरची, आणि स्नूकरमध्ये बॉलवरून पांढरा उडवणं हाच मुळी फाउल. कमीत कमी चार गुण समोरच्याला. आपल्या क्लबांत मार्करने पोरांना काय शिकवलं? आड सापडलास तर कुशन बघ. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, वैयक्तिक खेळात जगज्जेते ठरलेले पहिले भारतीय. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. दोन डझनांहून अधिक जागतिक विजेतेपदं. कुशनचा अभ्यास या लोकांच्या हाडीमाशी मुरलेला. हा वारसा दारात असताना आपल्या शहरांतली पूलची पोरं आधी जंप क्यूची किंमत विचारतात.

डायमंड कसे वाचायचे ते विचारा ना! ते फुकट आहे.

जंप क्यूच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा जोरकस आहे, आणि तो मी टाळणार नाही. समोरच्याने पॉट चुकवला, त्याचा बॉल भलतीकडे फिरला आणि निव्वळ नशिबाने तुम्ही आड सापडलात. त्याने सेफ्टी खेळलीच नव्हती. त्याच्या चुकीची शिक्षा तुम्हाला का? अशा वेळी जंप क्यू न्याय करतो, असं म्हणतात.

करतो. मान्य. पण मग हाच क्यू मन लावून खेळलेल्या सेफ्टीलाही त्याच हाताने मारतो. बॅगेतल्या क्यूला फरक कळत नाही. नशिबाचा फटका सगळ्यांनाच कधी ना कधी बसतो आणि कधी ना कधी लाभतोही. कसबाचा अपमान मात्र एकाच बाजूने होतो.

दुसरा मुद्दा गोल्फचा. तिथे चौदा काठ्या चालतात, इथे तीन का नकोत? कारण गोल्फमध्ये मैदान बदलतं. वाळू, गवत, दोनशे यार्ड, दोन यार्ड. पूलचं टेबल बदलत नाही. तेच कापड, तीच स्लेट, तेच सहा पॉकेट. इथे अडचण मैदान तयार करत नाही, समोरचा माणूस तयार करतो. त्याने घातलेलं कोडं सोडवायला साधन बदलायचं?

क्रिकेटने हे केव्हाच ओळखलं. 1979च्या डिसेंबरात पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. इंग्लंडचा कर्णधार ब्रेअर्लीने तक्रार केली, बॅट बदलावी लागली, आणि पुढच्या नियमांत बॅट लाकडाचीच हवी असं स्पष्ट लिहिलं गेलं. खेळ कशाने खेळायचा हे खेळच ठरवतो. दुकान नाही.

तिसरा मुद्दा प्रेक्षकांचा. लोकांना उडी आवडते म्हणे. आवडते, कारण ती अवघड वाटते. सोपी झाली की किती दिवस आवडेल? प्रत्येक रॅकमध्ये उडी दिसू लागली की उडीची मजाच जाते. ज्या हॉलमध्ये कुणी 58 इंची क्यू उभा धरून, पूर्ण उंचीवरून बॉल उडवतो, तिथे बाजूच्या टेबलावरचा खेळ थांबतो. आखूड क्यूच्या उडीला कोण थांबतं?

राहिला ब्रेकचा क्यू. तो वेगळा चालतो, मग जंपचाच का खुपतो? सरळ आहे. ब्रेकचा क्यू तुमच्या खेळाच्या टिपेची झीज वाचवतो. नेहमीच्या क्यूने जे जमतच नाही असं तो काही देत नाही. चांगला ब्रेक साध्या क्यूनेही होतो, पिढ्यान् पिढ्या झाला. बॉलपासून चार बोटांवर असलेला अडथळा नेहमीच्या क्यूने ओलांडणारे मात्र विरळा. एक क्यू सोय देतो, दुसरा कसब देतो.

सोय चालेल. कसब उसनं चालणार नाही. (ब्रेकच्या क्यूला फिनॉलिक टिप लावून ताकद वाढवणं हेही मला पटत नाही. तो वाद पुन्हा केव्हातरी.)

पार्लरवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांनी भिंतीवर पाटी लावलेली असते, ‘जंप शॉट मारू नये’. त्यांना रेयेसशी देणंघेणं नाही, कापडाशी आहे. कुठल्याही जुन्या टेबलाजवळ जाऊन दिव्याखाली वाकून बघा. कापडावर बारीक पांढरे ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रहार, जिथे बॉलने खालचं कापड जाळलं. शिकाऊ हातात आखूड क्यू आला की एका तासात असे दहा ठिपके पडतात, शिवाय टेबलाबाहेर उडालेला पांढरा शेजारच्या खुर्चीखालून शोधायचा. टेबलाबाहेर गेला की तोही फाउलच.

पण सरसकट बंदीही चूक. पाटीने उडीच बंद केली तर चांगला खेळाडू शिकणार कुठे? जुन्या कापडाचं एक टेबल सरावाला सोडा. तिथे उडवा म्हणावं, पण नेहमीच्या क्यूने. ठिपके पडायचे ते तिथे पडू देत.

अमेरिकेत काही स्पर्धांनी आणि काही लीगनी जंप क्यूला दार बंद केलं आहे. उडी चालते, वेगळा क्यू चालत नाही. तिथला खेळ बुडाला का? उलट सेफ्टी पुन्हा सेफ्टी झाली, किक पुन्हा दिसू लागली.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात, ठाण्यात, नागपुरात, पणजीत हौशी स्पर्धा भरवणाऱ्यांना जागतिक संघटनेची वाट बघायचं कारण नाही. प्रवेशपत्रिकेवर एक ओळ छापायची: ब्रेक झाला की रॅक संपेपर्यंत एकच क्यू. टिप निखळली किंवा शाफ्ट तडकला तर पंचाला दाखवा, त्याची परवानगी घ्या आणि बदला. उडी मारायची असेल तर त्याच क्यूने मारा, हवी तितकी मारा.