सूत्रांचे धनी

मराठी वृत्तवाहिन्यांच्या विस्ताराबरोबर उदयास आलेल्या सामाजिक प्रकारांमध्ये 'ज्येष्ठ राजकीय विश्लेषक' हा प्रकार सर्वांत चिवट मानावा लागतो. जाकीट, मागे पुस्तकांचे कपाट आणि भ्रमणध्वनीकडे अधूनमधून टाकलेला अर्थपूर्ण कटाक्ष ही त्याची बाह्य लक्षणे असून, 'सूत्रे' हे त्याचे खरे भांडवल होय. सूत्र म्हणजे नाव न सांगण्याच्या अटीवर आतली माहिती देणारी व्यक्ती. विश्लेषकांच्या बाबतीत ही व्यक्ती पुष्कळदा दुसऱ्या वाहिनीवरचा विश्लेषकच असते. बंद दाराआड दोन नेते भेटले, तर दाराबाहेर ताटकळलेल्या वार्ताहराला जे कळत नाही, ते स्टुडिओत बसलेल्या या गृहस्थांना सविस्तर ठाऊक असते.

नोव्हेंबर २०१९ हा या प्रकाराचा सुवर्णकाळ होता. २२ तारखेच्या रात्री, मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर तीन पक्षांचे एकमत झाल्याचे शरद पवारांनी सांगितल्यावर, विश्लेषकांनी त्या सरकारची खातेवाटणीही उरकून टाकली. २३ ला सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली, तेव्हा तेच गृहस्थ, त्याच जाकिटात, याची चिन्हे कित्येक दिवसांपासून कशी दिसत होती हे समजावू लागले. (आठ वाजताचा हा सोहळा वाहिन्यांनी 'पहाटेचा शपथविधी' म्हणून अजरामर केला, यावरून त्यांच्या दिनक्रमाची कल्पना यावी.) २६ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि दोघांनीही राजीनामे दिले, तेव्हा हे सरकार टिकणारच नव्हते, असा निर्वाळा सायंकाळी मिळाला. २८ ला शिवाजी पार्कवर ठाकरे यांचा शपथविधी झाल्यावर विश्लेषकांनी आपण हे सर्वांत आधी सांगितल्याची आठवण करून दिली, आणि विशेष म्हणजे ती अगदी खरी होती.

३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे यांचे नाव खुद्द फडणवीसांनी जाहीर केले, तेव्हा सकाळपासून भलतेच नाव घेणाऱ्यांना 'मास्टरस्ट्रोक' सुचायला पाच मिनिटेही लागली नाहीत. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे १९८५ साली राज्यघटनेत घातलेली दहावी अनुसूची, हाही त्यांचा हातखंडा विषय आहे. एकतृतीयांश आमदारांच्या फुटीला मिळणारे संरक्षण २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकले, हे त्यांना तोंडपाठ असते. फक्त फुटलेला पक्ष कोणता आहे, हे पाहून ते आठवायचे की नाही, एवढेच ठरायचे असते.

त्यांना लबाड म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण प्रत्येक वेळी त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास असतो. शिवाय 'मला ठाऊक नाही' असे प्रांजळपणे सांगणाऱ्याला पुन्हा चर्चेचे बोलावणे येत नाही, आणि ही व्यवस्था प्रेक्षकांच्या पसंतीनेच चालते. अशा चर्चांच्या चित्रफिती यूट्यूबवर तारखेनिशी मिळतात. जिज्ञासूंनी त्यांतील लागोपाठच्या दोन दिवसांच्या एकदा सलग पाहाव्यात.